अठरा तासांचं हातकाम

मी झाकणं बसवते. कोळशाच्या शेगडीची झाकणं. गोल, काळी, मागे बिजागरी, पुढे मूठ आणि मधोमध एक तबकडी, आत किती तापलंय ते दाखवणारी. लोक ही शेगडी गच्चीवर, अंगणात मांडतात, मासे-मटण भाजतात, चार पाहुण्यांना बोलावतात आणि हातात चिमटा घेऊन फोटो काढतात. मालकांच्या कागदांवर तिला ग्रिल म्हणतात, म्हणून आमच्या अर्ध्या नातेवाइकांना वाटतं मी खिडक्यांच्या जाळ्या करते. समजावून दमले. आता हो म्हणते.

एकवीस वर्षं झाली ह्या बाकावर. झाकण बसलं की नाही हे मला डोळे मिटून कळतं. बरोबर बसलेलं झाकण पडताना धप्प वाजतं, चुकलेलं खण्ण वाजतं. एवढीच माझी विद्या.

आम्ही सहा जण होतो. पत्रा कापणारे आणि वाकवणारे दोघे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, पण एका लग्नात जेवायच्या पंगतीवरून काहीतरी झालं आणि पाच वर्षं हे एकमेकांशी बोलत नव्हते. कामाचं बोलणं तिसऱ्याकडून चालायचं. "ह्यांना सांगा, पत्रा दोन सूत जास्त आलाय." "त्यांना सांगा, चष्मा बदला." दोघांत हाताचं अंतर नाही, आणि निरोप्या मी. मग वेल्डिंगला पैलवान. वाऱ्याने उडेल असा माणूस, म्हणूनच पैलवान. पायांना आणि कडांना रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मारायला माझी सख्खी धाकटी बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणतात, एक्केचाळीस वर्षांची झाली तरी. रंगाला काका. आणि शेवटी मी, झाकण, तपासणी, खोका.

आमची साधी शेगडी सात हजारांना जायची. बाहेरच्या देशातून येणारी साडेतीनला मिळते. तिचं झाकण खण्ण वाजतं, कडेने धूर निघतो, दुसऱ्या पावसाळ्यात पाय गंजतात. पण साडेतीन म्हणजे साडेतीन. दोन वर्षांत आमचा माल गोदामात छतापर्यंत चढला. मालक रोज संध्याकाळी गोदामात जाऊन उभे राहायचे. काही करायचे नाहीत. नुसते उभे राहायचे.

अशात एका दुपारी जेवणानंतर त्यांची सून कारखान्यात आली. विक्रीचं तीच बघते. तोंडावर आम्ही मॅडम म्हणतो, माघारी सूनबाई. तिच्यामागे ड्रायव्हर एक शेगडी उचलून आणत होता. आमचीच, पण नटवलेली. मुठीला तांब्याचा पत्रा, अंग जरा जाड, आणि पायावर पितळेची पट्टी. पट्टीवर आकडा, एक. खाली, दोनशेपैकी.

"ह्या फक्त दोनशे निघणार," सूनबाई म्हणाली. "दोनशे एकावी नाही. प्रत्येकीवर नंबर. आणि किंमत चाळीस."

"चाळीस काय?" पैलवानाने विचारलं.

"हजार."

पैलवान पुढे झाला, झाकण उघडून आत वाकून बघितलं.

"काय शोधतोस रे?" काकांनी विचारलं.

"म्हटलं, मासेपण आतच ठेवून देतात की काय."

सूनबाईसुद्धा हसली. मग म्हणाली, "लोक शेगडीचे पैसे देत नाहीत, पैलवान. आपल्याकडे झाली, आपल्या माणसांनी हाताने केली, त्याचे देतात. स्वस्त शेगडी घेतलेल्याला मनात कुठेतरी वाईट वाटत असतं. आपण त्याला बरं वाटायची सोय करतोय."

"आणि आपल्या माणसांना त्यातलं काय?" काकांनी विचारलं.

"काम राहील, काका."

"ते राहतं की नाही, अजून ठरायचंय," दाराशी उभे असलेले मालक म्हणाले. ते आत आले, हात मागे बांधून. "मला एकाने सांगितलंय, अख्खा सांगाडा बाहेरून तयार आणा. मूठ आणि पट्टी इथे लावा. तेवढ्यावर देशी बनावटीची असं लिहिता येतं. तो सांगाडा मला अडीच हजारांत पडतो. तुमचा कितीत पडतो, ते मला धड माहीतच नाही." त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. "गुरुवारी दिवसभर मी इथे खुर्ची टाकून बसतो. किती निघतात ते बघतो. मग ठरवू."

आता एक गोष्ट सांगते, जी आम्ही कधी कुणाला सांगितली नव्हती. आमच्यात एक नियम होता. कागदावर नव्हता, कुणी शिकवला नव्हता. मालकासमोर दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. एरवी सगळे सगळं करायचो. पैलवानाच्या डोळ्यांची आग झाली की वेल्डिंगचे टाके मी मारायचे. काकांना खोकल्याची उबळ आली की पैलवान स्प्रे गन धरायचा. धाकटीचं मनगट दुखलं की तिच्या रिव्हेट मी. पण दारात मालकांच्या चपला वाजल्या की जो तो आपापल्या बाकावर. वेल्डिंग पैलवानालाच येतं. रंग काकांनाच येतो. रिव्हेट धाकटीच मारू शकते. एकवीस वर्षं मालकांना हेच दिसलं, आणि म्हणून एकवीस वर्षं आम्ही सहा होतो. ह्यात फसवणूक होती का? होती. मला तिची लाज नाही.

दिवसाला चार शेगड्या निघायच्या. सहा जण, चार शेगड्या. त्याहून जास्त निघाल्या असत्या, पण जास्त काढायच्या कशाला? छतापर्यंत रचायला?

बुधवारी संध्याकाळी हात धुताना मी म्हटलं, "उद्या चारावर राहिलो तर मेलो."

"आपण काय यंत्र आहोत?" धाकटी म्हणाली. "जसं होतं तसं होईल."

"तुझं जसं होतं तसं बघून ते अडीच हजारवाला सांगाडा आणतील."

तिने साबण खाली ठेवला. धाकटीचं काम संथ. एकदा मारलेली रिव्हेट ती अंगठ्याने दाबून बघते, मग पुढची. तिची एकही शेगडी पाय हलतो म्हणून परत आलेली मला आठवत नाही. पण तिच्याजवळ उभं राहिलं की माझा जीव खालीवर होतो. मी लहानपणापासूनच अशी. आई म्हणायची, हिला पोळी भाजायला सांगितली की ही कच्चीच उतरवते.

ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. एक खोली, एक खिडकी, बाहेर गॅलरीत नळ. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारणारे थकले. त्या खोलीचं भाडं ती स्वतः भरते, तिच्या दाराला तिचं स्वतःचं कुलूप. काम गेलं तर ती खोली गेली, आणि खोली गेली तर ती आमच्या स्वयंपाकघरात गादी टाकणार, हे दोघींनाही माहीत. आमचे हे साधे आहेत, म्हणतात, "येऊ दे की, जागा आहे." तिच्यासमोर एकदा म्हणाले. ती म्हणाली, "भाऊजी, जागा तुमच्या मनात आहे. घरात नाही." आणि खरंच नाही.

गुरुवारी मालक साडेआठला खुर्ची टाकून बसले. मांडीवर वही, हातात घड्याळ. भिंतीवर घड्याळ होतं, तरी हातात वेगळं.

साडेबारापर्यंत दोन शेगड्या झाल्या. तिसरीचा सांगाडा पैलवानाकडून सुटला आणि धाकटीच्या बाकावर येऊन बसला. मी मोकळी. माझ्या हातात तयार झाकण, खाली शेगडी नाही. धाकटी अंगठ्याने दाबतेय, बघतेय, पुढची घेतेय. मालक घड्याळ बघतायत. मला दिसत होतं, चारच होणार. कदाचित साडेतीन.

मी उठले. तिच्या बाकापलीकडे जाऊन उभी राहिले, फळीवरची दुसरी रिव्हेट गन उचलली आणि समोरच्या पायाला सुरुवात केली.

तिने मान वर केली. नुसतं बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. ठक, ठक, ठक. चार मिनिटांत बाजू संपवली.

मग काय, धरणच फुटलं. पैलवानाने बघितलं आणि वेल्डिंग उरकून स्प्रे गन घेतली. काकांनी ती दिली, जरा थांबून, पण दिली. दोघे साडू एकाच पत्र्याला लागले. आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा मी ऐकलं:

"धर!"

"धरलाय ना!"

"नीट धर, पायावर पडेल!"

"पडू दे, तुझ्या पायावर पडेल!"

आम्ही हसत होतो. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मजा आली. घामाने डोळे चुरचुरत होते आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे धावत होतो. साडेपाचला सहावी शेगडी खोक्यात गेली. सहा. काकांनी टाळी वाजवली. मालक उठले, खुर्ची स्वतः भिंतीला लावली. "शाब्बास," म्हणाले. "बाहेरून काही आणत नाही. सगळं इथेच करू."

पैलवानाने मला दोन्ही हातांनी नमस्कार केला. "ताई, तुमच्यामुळे वाचलो."

धाकटी तोंड धूत होती. ती वळलीच नाही.

शुक्रवारी दहा वाजता मालकांनी धाकटीला आणि काकांना आत बोलावलं. मालकांचा हिशेब असा होता. सहा माणसं, सहा शेगड्या. म्हणजे माणशी एक. आम्हाला दिवसाला चार हव्यात. म्हणजे चार माणसं. रिव्हेट झाकणवाल्या बाई मारतात, चार मिनिटांत बाजू संपवतात, मी बघितलंय. रंग पैलवानाला येतो, बघितलंय. तुमचं काम वाईट म्हणून नाही. तुमचं काम चांगलंच आहे.

हे मला पैलवानाने सांगितलं. तो दाराबाहेर उभा होता. मी त्या वेळी तबकडीवरचा चिकटलेला कागद नखाने खरवडत होते. तबकड्या बाहेरच्या देशातून येतात, पिशवीत शंभर. त्यांच्या मागे त्या देशाचं नाव चिकटवलेलं असतं. ते काढून टाकणं हेही माझंच काम.

संध्याकाळी वर गेले. धाकटी खिडकीत बसून भेंडी चिरत होती.

"सोमवारी मी बोलते मालकांशी," मी म्हटलं.

"काय बोलशील?"

"की चार जणांना जमणार नाही रोजचं. एक दिवस जमलं, रोज कसं जमेल?"

"त्यांनी बघितलंय. जमतं."

"अगं, मी तुला मदतच केली ना?"

"मागितली होती मी?" तिने सुरी खाली ठेवली. "मी तिसऱ्या पायावर होते. हात चालू होता माझा. तू आलीस आणि समोरून सुरुवात केलीस. माझ्याच बाकावर, मालकाच्या डोळ्यांदेखत. मला वाटलं, उठावं आणि जावं."

"सगळ्यांचंच काम जात होतं."

"हो. आता दोघांचंच गेलं. नफाच झाला की."

ती भेंडीची टोकं एका वाटीत गोळा करत होती, मोजल्यासारखी, एकेक.

"पुढच्या महिन्याचं भाडं आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्याचं नाही. भाऊजींना सांग, उगाच आत्तापासून गादी आणू नका."

सोमवारी मी मालकांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "बघू," म्हणाले. मालकांचा बघू मला एकवीस वर्षं माहीत आहे. तो नाहीचा थोरला भाऊ.

त्याच आठवड्यात सूनबाई कॅमेरावाल्याला घेऊन आली. माझा बाक पुसून घेतला, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, माझ्या अंगावर नवा कातडी एप्रन चढवला. माझा जुना कापडी होता, त्यावर एकवीस वर्षांचे डाग. तो म्हणे फार खरा दिसत होता.

"ताई, एवढंच म्हणायचंय." तिने एक जाड कार्ड दिलं. प्रत्येक खोक्यात हेच कार्ड जाणार होतं. मी चष्मा लावून वाचलं. 'ही शेगडी आपल्या मातीत, आपल्या कारागिरांनी घडवली. एका शेगडीमागे अठरा तासांचं हातकाम. आपल्या खरेदीमुळे आमच्या घरातली चूल पेटते.'

"अठरा कुठून आले?" मी विचारलं.

कॅमेरावाला तारा गुंडाळत होता. सूनबाई माझ्याजवळ सरकली आणि आवाज खाली केला. "आठ तास लिहिलं तर चाळीस जड वाटतात. किंमत आधी ठरली, ताई. मग तिला शोभतील असे तास काढले."

"माणशी दिवसाला एक म्हणून तुमच्या सासऱ्यांनी दोन माणसं घरी बसवली. तेव्हा आठ तास होते."

"माहीत आहे."

"इथे कार्डावर अठरा आणि आत वहीत आठ."

"माहीत आहे म्हटलं ना." तिने कपाळ चोळलं. त्या बाईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, पावडरखालूनही दिसत होतं. "तुम्हाला वाटतं मला मजा येते? ह्या दोनशे गेल्या नाहीत तर ते कुलूप लावून जागा विकतील. त्यांचं ठरलंय. घरी रोज तेच ऐकते मी. चाळीस हजार ही किंमत मी काढली, कारण तेवढ्याला विकली तरच तुमचे पगार देऊन त्यांच्या हातात काहीतरी उरतं. नाहीतर त्यांना हे चालवण्यात रस नाही."

मी कार्ड बाकावर पालथं ठेवलं.

"म्हणते," मी म्हटलं. "अठरा म्हणते, अठ्ठावीस म्हणते. धाकटीला आणि काकांना परत घ्या."

"ते माझ्या हातात नाही."

"मग पैलवानाला उभं करा. त्याला एप्रन दोनदा गुंडाळावा लागेल."

ती बाहेर गेली. काचेतून दिसत होतं, फोनवर बोलतेय, मान हलवतेय, परत बोलतेय. दहा मिनिटांनी मालक स्वतः आले. कॅमेरावाल्याला चहा प्यायला बाहेर पाठवलं. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. एवढ्या वर्षांत ते असे माझ्यासमोर बोलायला बसल्याचं मला आठवत नाही. उभे असायचे किंवा मी उभी असायची.

"बाई, तुम्ही अडवणूक करताय."

"हो, मालक."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं बहुतेक. ते जरा वेळ माझ्या झाकणांकडे बघत बसले. मग म्हणाले, "एक जण. दोघांना नाही. कोण ते तुम्ही सांगा."

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील, किंवा हो म्हणतील. हे तिसरं मला सुचलंच नव्हतं. मालक माणूस वाईट नाही असं लोक म्हणतात. नसेलही. पण त्या क्षणी त्यांनी ते ओझं आपल्या मांडीवरून उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं, आणि त्यांचा चेहरा हलका झालेला मी बघितला.

काका त्रेसष्ट वर्षांचे. मला कामावर लावलं ते त्यांनीच. पहिल्या महिन्यात माझं झाकण खण्ण वाजायचं तेव्हा ते आपला रंग सोडून यायचे, बिजागरी सैल करायचे, पुन्हा आवळायला लावायचे. छाती रंगाने भरलेली. दुसरीकडे त्यांना कोण घेणार?

"धाकटी," मी म्हटलं.

विचार करायला किती वेळ लागला असेल? एक रिव्हेट मारायला लागतो तेवढा.

मालक उठले. "बरं. पाच माणसं, मग पाच शेगड्या रोज. दोनशे म्हणजे चाळीस दिवस. पुढचं पुढे बघू."

कॅमेरावाला आत आला. मी झाकण उचललं, बसवलं, वर बघितलं आणि म्हटलं, "एका शेगडीमागे अठरा तासांचं हातकाम असतं."

"छान," तो म्हणाला. "परत एकदा, थोडं हसून."

परत म्हटलं.

"नको, नका हसू. पहिल्यांदाचं बरं होतं. थकवा मस्त दिसतोय, तोच ठेवा."

नऊ वेळा म्हटलं. नवव्या वेळी मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

धाकटीला सांगायला वर गेले तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. मी सांगितलं, उद्यापासून ये. तिच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला.

"आणि काका?"

मी बादलीतला पुढचा कपडा पिळायला घेतला.

"ताई, काका?"

"एकच म्हणाले ते."

"आणि तू सांगितलंस."

"मग काय करायला हवं होतं? चिठ्ठ्या टाकायला हव्या होत्या?"

तिने टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, दोन्ही टोकं सारखी केली. मला वाटलं आता ती म्हणेल, मला असलं काम नको. पुस्तकात माणसं तसं म्हणतात. ती म्हणाली, "किती वाजता? साडेआठलाच ना?"

"साडेआठला."

"किती दिवस?"

"चाळीस."

तिने मान डोलावली. मग बादली उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. नुसतं लावलं.

दोनशे शेगड्या चार दिवसांत विकल्या गेल्या, नमुन्याखेरीज एकही तयार व्हायच्या आधी. लोकांनी निरोप पाठवले, सूनबाईने आम्हाला वाचून दाखवले. एकाने लिहिलं होतं, त्या ताईंच्या चेहऱ्याकडे बघून ऑर्डर दिली. एकाला सात नंबरचीच हवी होती, मुलाचा जन्म सात तारखेचा. एका बाईने विचारलं होतं, चाळीस हजारांपैकी कारागिरांना किती जातात? सूनबाईने ते वाचलं, आणि पुढचा वाचायला घेतला.

पाच शेगड्या रोज. धाकटी आणि मी समोरासमोर. ती आता पूर्वीपेक्षा वेगाने मारते, अंगठ्याने दाबून बघत नाही. मी सांगितलं नव्हतं. बोलते, पण कामापुरतं. साडू मात्र आता एकमेकांशी भांडायला मोकळे झालेत, दिवसभर तोंड चालू असतं, निरोप्याची गरज राहिली नाही.

अडचण रंगाची होती. पैलवानाला रंग येतो म्हणजे मारता येतो. सपाट जागी ठीक. कोपऱ्यावर त्याचा हात थांबतो आणि रंग ओघळतो. साध्या शेगडीवर चाललं असतं. चाळीस हजारांच्या शेगडीवर ओघळ म्हणजे पुन्हा घासा, पुन्हा मारा. दुपारी चारनंतर आम्ही सगळे त्याच्याकडे मान वळवून बसायचो.

अकराव्या दिवशी काका आले. त्यांचा मास्क आणि ब्रशांचा डबा राहिला होता. ते दारातून सरळ आपल्या जुन्या कोपऱ्यात गेले, डबा घेतला, मास्क पिशवीत टाकला. मग माझ्या बाकापाशी थांबले.

"बघितली तुझी फिल्म," म्हणाले. "नातीने दाखवली. छान बोललीस."

"काका..."

"नाही, खरंच. एक विचारायचं होतं फक्त." ते जरा खोकले, रुमालाने तोंड पुसलं. "त्या अठरा तासांत माझे किती धरलेत?"

ते टोमणा मारत होते की खरंच विचारत होते, मला अजून माहीत नाही. मी झाकणाचा स्क्रू फिरवत राहिले. तो कधीच आवळून झाला होता. समोर धाकटीच्या गनचा आवाज बंद पडला.

"एकही नाही धरला, काका," मी म्हटलं. "ते अठरा कुणाचेच नाहीत."

ते हं म्हणाले. मान हलवली, वळले. दारापर्यंत गेले. तिथेच पैलवान चौथ्या शेगडीवर रंग मारत होता, आणि डाव्या कोपऱ्यावरून एक ओघळ सावकाश खाली येत होता. काका थांबले. बघत राहिले. बघवेना त्यांना. त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली, मास्क काढून तोंडाला बांधला आणि हात पुढे केला.

"दे इकडे. अरे, कोपरा आला की हात लांब न्यायचा, थांबवायचा नाही. किती वेळा सांगितलं तुला."

"तुम्ही कधी सांगितलं, काका? तुम्ही तर कोपऱ्याला हातच लावू द्यायचा नाहीत."

"मग आता बघ."

मालक ऑफिसच्या काचेतून बघत होते. कुणीही आपल्या बाकावर पळालं नाही. काकांनी ओघळ पुसला, कोपरा मारला, मग दुसरा, मग पैलवानाच्या हातात गन देऊन त्याचं मनगट धरून तिसरा मारून घेतला. चौथा त्याने एकट्याने मारला. ओघळला नाही.

"असं," काका म्हणाले. मास्क काढला, पिशवीत टाकला. "आता येतंय तुला."

ते गेले. रस्त्यावर त्यांच्या खोकल्याचा आवाज जरा वेळ ऐकू आला. पाचवी शेगडी अजून राहिली होती आणि साडेचार वाजले होते. धाकटीने त्या शेगडीचा पहिला पाय पुढे ओढला, रिव्हेट मारली, मग अंगठा ठेवून दाबून बघितली. दुसरी मारली, तीही बघितली. मी झाकण हातात घेऊन बसून राहिले.